दिवाळी अंकातली आठ पानं : कामाच्या नोंदी

१ जून २०२५

वाचनालयाच्या दिवाळी अंकात यंदा सिनेमाला आठ पानं मिळाली. गेल्या वर्षी हीच पानं फराळाच्या पाककृतींनी पळवली होती, त्यामुळे कुणाचं मन बदलायच्या आत कामाला लागायचं ठरलं. विषय: पुन्हा पाहावेत असे जुने विनोदी चित्रपट आणि मालिका. मजकूर गणपती बसायच्या आधी छापखान्यात गेला पाहिजे.

मंडळी अशी. संपादक काकू. काका, ज्यांची उभी हयात ध्वनिमुद्रणात गेली. माझा भाचा, कॉलेजात आहे, रील बनवतो. आणि मी, लिहायला.

पहिल्याच बैठकीत काकूंनी बजावलं, "नुसती यादी आणलीत तर छापणार नाही. यादी व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येते. दुसऱ्यांदा का बघायचं ते लिहा."

प्रश्न रास्त आहे. सुटलेलं कोडं कुणी परत सोडवत बसत नाही. मग पुढचा संवाद पाठ असताना लोक तोच पिक्चर लावून का बसतात?

फळ्यावर आलेली नावं: 'ब्रह्मचारी', 'गुळाचा गणपती', 'सोंगाड्या', 'धूमधडाका', 'अशी ही बनवाबनवी', 'झपाटलेला'. हिंदीतून 'गोलमाल' आणि 'जाने भी दो यारो'. दूरदर्शनवरचं 'चिमणराव', 'गजरा', 'ये जो है जिंदगी', आणि नंतरच्या काळातलं 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. काकांनी 'पडोसन'साठी हट्ट धरला. राहू दे म्हटलं, नंतर बघू.

८ जून

सुरुवात 'बनवाबनवी'पासून. दुसरीकडून सुरुवात केली असती तर वाचकांनी अंक परत केला असता.

१९८८चा चित्रपट. दिग्दर्शन सचिनचं, संवाद वसंत सबनीसांचे. गोष्ट आपली नव्हे. हृषीकेश मुखर्जींचा १९६६चा 'बीवी और मकान' त्याच्यामागे आहे, आणि त्याच्याही मागे १९५५चा बंगाली 'जय माँ काली बोर्डिंग'. भाड्याची खोली फक्त लग्न झालेल्यांना, म्हणून चार पोरांपैकी दोघांनी बायका व्हायचं. कलकत्त्याहून मुंबईमार्गे ही गोष्ट पुण्यात आली आणि इथेच मुक्कामाला राहिली. बंगाली मूळ आणि हिंदी अवतार आज जाणकारांपुरते उरलेत. मराठी मात्र लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात, रिक्षाच्या मागच्या काचेवर, कुठेही भेटतो.

भाच्याला संवाद तोंडपाठ. "धनंजय माने इथेच राहतात का?" हे तो आमच्याकडे आला की दारातच विचारतो. बोलता बोलता कळलं की त्याने पूर्ण चित्रपट एकदाही पाहिलेला नाही. सगळा तुकड्यातुकड्यांत, फोनवर. काकूंनी कपाळाला हात लावला. मला उलट बरं वाटलं, असा एक माणूस गटात हवाच होता.

आज अर्धाच पाहिला. पाऊस, मग वीज गेली.

१५ जून

राहिलेला अर्धा भाग. आणि या कामाला पहिल्यांदा धागा सापडला.

सत्तर रुपयांचा प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. घरमालक विश्वास सरपोतदार (सुधीर जोशी) यांनी मधुमेहाच्या औषधासाठी भाडेकरू धनंजय मानेकडे (अशोक सराफ) पैसे दिलेले. औषध येणार इस्तंबूलहून, मित्राकडून. मित्र वारला असं धनंजय सांगतो. सरपोतदार विचारतात, आणि माझे सत्तर रुपये? तेही वारले.

भाच्याने फोनवर त्याचा तुकडा लावला, तो त्या शेवटच्या वाक्यावर तुटला. मग आम्ही चित्रपटातला पूर्ण प्रसंग पाहिला. भाचा म्हणाला, "मावशी, यात तर जास्त आहे." जास्त काय आहे? सुधीर जोशींचा चेहरा आहे. पुढ्यात कुणाच्या तरी मरणाची बातमी ठेवलेली, त्यामुळे त्या माणसाला रागावताही येत नाही. सांत्वन करावं की वसुली, या दोन्हींच्या मध्ये तो अडकतो आणि त्याचा आवाजही तसाच मध्ये लटकतो. संवाद सराफांचा असला तरी हसू पिकतं ते जोशींच्या अंगणात.

काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "अगं, नाटकात हशा आला की नट थांबतो. पडद्यावरचा कसा थांबणार? म्हणून संकलक समोरच्याचा चेहरा ठेवतो. लोकांनी तेवढ्यात हसून घ्यावं. तुझा भाचा कापतो ती जागा म्हणजे हसण्याची जागा."

रीलमध्ये वाक्य राहतं, ऐकणारा जातो. मग तुकडा तीनदा पाहिला की विटतो आणि चित्रपट विटत नाही.

आजपासून हेच सूत्र: दुसऱ्यांदा पाहताना बोलणाऱ्याकडे बघायचं नाही. ऐकणाऱ्याकडे बघायचं. यादीतलं प्रत्येक नाव या चाळणीतून काढायचं. जे उतरेल त्याला पान, नाहीतर नमस्कार.

काकूंना विचारलं. "चालेल. पण पुराव्यानिशी लिहा."

२२ जून

पुरावा हवा तर 'धूमधडाका' (१९८५). महेश कोठारेंचं दिग्दर्शनातलं पदार्पण. हाही बाहेरून आलेला: मूळ श्रीधर यांचा तमिळ 'कादलिक्क नेरमिल्लै' (१९६४), मग हिंदीत 'प्यार किये जा' (१९६६), मग मराठी. सिनेमाचं वेड लागलेला मुलगा बापाला भुताच्या पिक्चरची गोष्ट सांगतो, हा प्रसंग तिन्ही भाषांत गाजला. तमिळमध्ये सांगणारा नागेश, ऐकणारे बालैया. हिंदीत मेहमूद आणि ओमप्रकाश. आपल्याकडे लक्ष्मीकांत बेर्डे आणि शरद तळवलकर.

तिन्ही एकापाठोपाठ एक पाहिले. आधी आवाज बंद करून, मग काकांच्या सांगण्यावरून डोळे मिटून नुसता आवाज. हा प्रयोग घरी कुणीही करावा.

डोळे मिटले की सगळा खेळ सांगणाऱ्याचा. कुरकुरणारं दार, पावलं, वारा, किंकाळी, एकट्याच्या गळ्यातून निघणारी दुनिया. मेहमूदना या भूमिकेचं फिल्मफेअर मिळालं ते काही उगाच नव्हे. आवाज बंद केला की मात्र नजर आपोआप बापाकडे जाते. बालैयांच्या चेहऱ्यावर भीती एकदम येत नाही, पायऱ्या चढत येते: आधी मुलाच्या उद्योगाचा कंटाळा, मग नाइलाजाची उत्सुकता, मग खुर्चीत सावरून बसणं, आणि अखेर घरातला कर्ता पुरुष लहान मूल झालेला. नागेश मोठा नट, वादच नाही. पण ही गोष्ट त्याने रिकाम्या खुर्चीला सांगितली असती तर ती नकला करून दाखवणाऱ्या हुशार मुलाची झाली असती.

तळवलकरांबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. मराठी सिनेमात चिडका सासरा किंवा खडूस बाप ही हुकमाची भूमिका, आणि बहुतेक जण ती डोळे वटारून उरकतात. तळवलकर रागावतात तेव्हा त्या रागाच्या तळाशी आपलं काहीतरी फसतंय याची कुणकुण असते. त्यांचे धनाजीराव वाकडे आवाज चढवतात आणि त्याच वेळी समोरचा काय बोलला हे मनात पुन्हा तपासून बघतात. त्यामुळे फसवणाऱ्यांची लबाडी आपल्याला गोड वाटते. मूर्खाला फसवण्यात काय मजा!

याच चित्रपटातल्या अशोक सराफांच्या गाजलेल्या खोकल्यावर काकांनी वेगळं टिपण दिलंय. अर्धं पान. कापावं लागेल.

६ जुलै

आषाढी. सकाळपासून टीव्हीवर, शेजारी, खालच्या दुकानात, सगळीकडे भीमसेन जोशींचं 'इंद्रायणी काठी'. भाच्याला विचारलं, हा अभंग कुणाचा? "तुकाराम महाराजांचा." काकूंच्या शेजारणीचं उत्तर ज्ञानेश्वरांचं.

शब्द गदिमांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची, आणि गाणं एका विनोदी चित्रपटातलं: 'गुळाचा गणपती', १९५३. जाहिरातीत ज्याला 'सबकुछ पु. ल.' म्हणत तोच. लेखन, दिग्दर्शन, संगीत, मुख्य भूमिका, सगळं त्यांचं.

आजच पाहिला, योग होता म्हणून. खरं सांगायचं तर चित्रपट म्हणून तो जागोजागी सैल आहे. कथा मध्येच बसून घेते. ज्यांनी पु. लं.चे कथाकथनाचे कार्यक्रम ऐकलेत त्यांना इथे एक वेगळा माणूस दिसेल: बोलबोल बोलून टाळी घेणारा नव्हे, तर सगळ्यांचं ऐकून घेणारा, ज्याच्याकडून सगळे कामं करून घेतात असा भोळा नाऱ्या. मराठीतला सगळ्यात मोठा बोलणारा माणूस पडद्यावर ऐकणाऱ्याची भूमिका करतो. चाळणीतून उतरला, तोही वरच्या जाळीतून.

वाचकांना सूचना द्यायची की कथेची वाट बघू नका. गाणी ऐका आणि नाऱ्याकडे लक्ष ठेवा.

१३ जुलै

आज भांडण. विषय दादा कोंडके.

'सोंगाड्या' (१९७१) ठेवायचा यावर एकमत. काकूंचं म्हणणं, मग पुढचे सगळेच ठेवा, एकापाठोपाठ एक रौप्यमहोत्सव केलेत त्या माणसाने, उगाच नाकं कशाला मुरडायची? माझं म्हणणं वेगळं. अश्लीलतेचा मुद्दाच नाही, दादांच्या द्वयर्थी बोलण्यावर हसू न येणाऱ्या माणसाला मी वाचनालयाचं कार्डसुद्धा देणार नाही. मुद्दा ऐकणाऱ्याचा आहे.

'सोंगाड्या'चं लेखन वसंत सबनीसांचं. 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्यही त्यांचंच आणि दादा त्यातून पुढे आले. लोकनाट्यातली बतावणी म्हणजे दोघांचं काम. एक जण वेड पांघरून बोलतो, दुसरा शहाणा असल्यासारखा विचारत राहतो. दुसऱ्याने "म्हणजे?" म्हटलं नाही तर पहिल्याला पुढे जाताच येत नाही. राजा, प्रधान, कोतवाल ही माणसं वगात, म्हणजे तमाशातल्या नाट्यात, याचसाठी असतात: सत्तेच्या खुर्चीत बसून शेतकऱ्याच्या पोराचं ऐकून घ्यायला. 'सोंगाड्या'तला नाम्या या परंपरेतला आहे. तो निष्पाप बोलतो आणि कोटी ऐकणाऱ्याच्या डोक्यात होते. लबाड तो नाही, लबाड आपण. पुढच्या चित्रपटांत दादा स्वतःच कोटी करून प्रेक्षकाकडे बघतात. समोरच्या पात्राला काम उरत नाही, ते पुढच्या कोटीसाठी खुंटी धरून उभं असतं. एकदा पाहायला झकास. दुसऱ्यांदा बघताना समोरच्याकडे पाहावं तर तिथे कोणीच नसतं.

काकू म्हणाल्या, "हे तू लिही, खाली तुझं नाव घाल. वाचकांची पत्रं तुझ्या घरी पाठवीन."

याच निमित्ताने लक्षात आलेलं: 'विच्छा', 'सोंगाड्या', 'बनवाबनवी', तिन्हींमागे सबनीस. तमाशाच्या फडातली बतावणी पुण्याच्या भाड्याच्या खोलीपर्यंत आणणारा माणूस. धनंजय माने आणि सरपोतदार म्हणजे सोंगाड्या आणि प्रधान, फक्त धोतर-फेट्याऐवजी शर्टपँट. सबनीसांवर वेगळी चौकट करायची. तस्बिरीला जागा ठेवा, असं छापखान्याला कळवणे.

२० जुलै

तांत्रिक दिवस. पण महत्त्वाचा.

जुने चित्रपट आणि मालिका हल्ली नेटवर मिळतात त्यांतल्या पुष्कळ प्रती कापलेल्या असतात. पूर्वीची चौकट जवळपास चौरस, आजचा टीव्ही रुंद. पडदा भरावा म्हणून वरचा आणि खालचा भाग छाटून टाकतात. काही जण कापण्याऐवजी ताणतात, मग सगळे नट बसके आणि जाडे. भाच्याने एकाच प्रसंगाच्या दोन प्रती शेजारी लावून दाखवल्या. एकीत मागच्या खुर्चीवर बसलेली बाई दिसते, हातातलं काम थांबवून ऐकते. दुसरीत तिचे नुसते केस.

म्हणजे रीलवाल्यांनी ऐकणारा वेळेतून कापला आणि या लोकांनी चौकटीतून.

वाचकांसाठी सूचना, अंकात ठळक छापायची: दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणारी प्रत निवडा. पट्ट्या बघून टीव्ही बिघडला असं समजू नका आणि रिमोटवरून चित्र 'भरून' घेऊ नका.

काकांची भर: आवाज फार स्वच्छ केलेल्या प्रतीही टाळाव्यात. खरखर काढताना खोलीचा आवाज जातो, श्वास जातात. तळवलकर बोलण्याआधी श्वास घेतात तो विनोदाचा भाग आहे, कचरा नव्हे.

दुसरी बाब. वाचनालयाच्या सभागृहात चित्रपट लावावा अशी सूचना आली होती. पूर्ण चित्रपट जाहीर दाखवायचा तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी घ्यावी लागते, आणि जुन्या चित्रपटांचे हक्क किती हात फिरलेत हे शोधणं हाच वेगळा प्रकल्प होईल. सोडून दिलं. वाचकांनी आपापल्या घरी बघावं.

२७ जुलै

मालिका. पानं दोनच, आणि बोलायला दिवस पुरला नाही.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. त्या दशकाच्या अखेरीला चिमणराव आले. चि. वि. जोशींची पात्रं. स्वतः चि. वि. पाली भाषेचे अभ्यासक आणि बडोदे संस्थानच्या दफ्तरात अधिकारी. असल्या माणसाला दुसऱ्याचं बोलणं शांतपणे नोंदवून ठेवायची सवय असणारच. पडद्यावर चिमणराव याच्याही आधी आले होते, मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावे करून'मध्ये (१९४०): दामुअण्णा मालवणकर चिमणराव, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. पण आमच्या पिढीचे चिमणराव दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे. चिमणराव घाबरत, अडखळत, स्वतःच्याच वाक्यात गुरफटत बोलणार आणि सोटा घेतलेला गुंड्याभाऊ ते ऐकणार. कर्वे फारसं काही करत नाहीत. नुसते उभे असतात. त्या उभं राहण्यात 'हे प्रकरण शेवटी मलाच निस्तरायचंय' हे सगळं येतं.

आता गंमत बघा. हेच प्रभावळकर २००१मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे'त आबा झाले. घरात मुलगा, सून, नातू, नात, सगळे एकाच वेळी बोलणारे. आबा कडेला. तिशीतला चिमणराव बोलून हसवायचा आणि आबा ऐकून हसवतात. एकाच नटाने दोन्ही टोकं गाठलेली पाहायची असतील तर या दोन मालिका लागोपाठ बघाव्यात. मध्ये चवीला 'झपाटलेला' (१९९३): तिथे रामदास पाध्यांनी घडवलेली बाहुली आणि तात्या विंचूचा आवाज पुन्हा प्रभावळकरांचाच. भाच्याला हे माहीत नव्हतं. तो लहानपणी तात्या विंचूला घाबरून पलंगाखाली लपायचा. "आबांना घाबरत होतो मी?" म्हणून बराच वेळ हसत होता.

'टिपरे' आज पाहताना जाणवतं की कुणीही कुणाचा सूड घेत नाही. भाग संपतो तेव्हा एखादा गैरसमज मिटलेला असतो, बस. त्यानंतरच्या आमच्या मालिकांत कॅमेरा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर तीनदा आदळतो, ढोल वाजतात, पण ऐकलेलं कुणाच्या चेहऱ्यावर उमटत नाही. (काकू हे कापतील.)

'ये जो है जिंदगी', १९८४, लेखन हिंदी व्यंगकार शरद जोशींचं. सतीश शाह दर भागात नवं सोंग घेऊन यायचे म्हणून लोकांना ते आठवतात. आम्ही या वेळी शफी इनामदारांकडे बघितलं. दर शुक्रवारी नवा विक्षिप्त माणूस दारात उभा, आणि घरच्या यजमानाने, म्हणजे इनामदारांनी, त्याला सभ्यपणे बसवून घ्यायचं. शाहांचं सोंग दरवेळी नवं, इनामदारांचा वैताग तोच. आणि तो तोच आहे म्हणून सोंग खरं वाटतं.

'गजरा'वर चार ओळी. आमच्या हाताशी पाहायला फारसं लागलं नाही, आठवणींवर पान भरायचं नाही असं आधीच ठरलेलं.

३ ऑगस्ट

'जाने भी दो यारो', १९८३. कुंदन शाह. एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या पैशात, अगदी तुटपुंज्या खर्चात केलेला. नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी हे दोन फोटोग्राफर, त्यांची नावं विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा, म्हणजे चित्रपटाच्याच चमूतल्या माणसांची. संपादिका शोभा सेनच्या भूमिकेत भक्ती बर्वे. 'ती फुलराणी'वाल्या भक्तीताई इतक्या थंडपणे लबाड होतात की काकूंनी पहिल्यांदा ओळखलंच नाही.

इथे आमचं सूत्र मोडेल अशी भीती होती. या चित्रपटात कुणीच कुणाचं ऐकत नाही. बिल्डर आयुक्ताचं ऐकत नाही, संपादिका फोटोग्राफरांचं ऐकत नाही, आणि मध्यावर तर खुद्द आयुक्त डिमेलो मरतो. उरलेला चित्रपट त्याच्या प्रेताभोवती.

मग दारू प्यायलेला बिल्डर आहुजा (ओम पुरी) रात्री रस्त्यात डिमेलोच्या शवपेटीपाशी येतो. त्याला वाटतं, ही स्पोर्ट्स कार आहे आणि आतला गडी बिघाड होऊन अडकलाय. तो त्याच्याशी गप्पा मारतो, त्याला मदत देऊ करतो, उत्तर येत नाही तरी त्याचं काही अडत नाही. डिमेलोचं प्रेत झालेले सतीश शाह निश्चल बसलेले. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. आहुजा वाकतो, बोलतो, रुसतो, समजूत घालतो, आणि प्रत्येक वेळी त्या न हलणाऱ्या चेहऱ्यावर आपल्याला काहीतरी नवीन दिसतं: आधी आढ्यता, मग कंटाळा, मग संमती. प्रत्यक्षात तिथे काहीच बदललेलं नाही. एकाला श्रोता हवा होता, त्याने प्रेतातून तो करून घेतला. आपणही घेतला.

आणि शेवटचं महाभारत. वस्त्रहरणाच्या नाटकात हे सगळे वेश चढवून घुसतात, द्रौपदीच्या साडीत डिमेलोचं प्रेत, प्रत्येकाला ते पळवायचंय. दुर्योधन वस्त्रहरणाचा बेत रद्द करतो, आहुजाचा भीम द्रौपदीत सगळे भागीदार असल्याची आठवण करून देतो, मध्येच अकबर-सलीमचा दरबार शिरतो. पहिल्यांदा पाहताना आपण या गोंधळात वाहून जातो. आज मी फक्त धृतराष्ट्राकडे पाहिलं. त्याला दिसत नाही. त्याचं काम फक्त ऐकायचं. आणि तो पुन्हा पुन्हा एकच विचारतो: हे काय चाललंय? सिंहासनावर बसलेला, आंधळा, राज्याचा प्रमुख, आणि समोर लूट चाललेली असताना चौकशी करतोय. चित्रपटातल्या मुंबईत पूल पडतो, आणि बिल्डर-अधिकाऱ्यांची लूट चालूच राहते. पूर्ण चित्रपटाचा राग या एका म्हाताऱ्याच्या तोंडी आलाय, आणि तो नाटकातला विनोदी राजा म्हणून आपण चाळीस वर्षं नुसते हसतोय.

या चित्रपटाला दीड पान. कुणाचं काही ऐकून घेणार नाही.

१० ऑगस्ट

पानांचा हिशेब. सगळ्यांनी जास्त लिहिलंय.

'गोलमाल' (१९७९): अमोल पालेकरांनी मिशी लावली-काढली, पण चित्रपट उत्पल दत्तांचा. मिशी नसलेल्या माणसाला चारित्र्य नसतं असा त्यांच्या भवानीशंकरांचा ठाम सिद्धांत, त्यामुळे समोरच्याचं प्रत्येक वाक्य ते त्या सिद्धांताच्या मापाने ऐकतात. पटलं की चेहरा फुलतो, शंका आली की तो जगप्रसिद्ध "ईऽऽश" निघतो. पाऊण पान.

'पडोसन' (१९६८) काकांच्या आग्रहाखातर पाव पान. त्यांचा मुद्दा बिनतोड आहे: खिडकीपलीकडे ऐकणारी सायरा बानू आहे म्हणून अलीकडे सुनील दत्तने नुसतं तोंड हलवायचं आणि मागे किशोरकुमारने गायचं, हा उद्योग चालतो. पार्श्वगायन म्हणजे काय, हे आपल्या सिनेमाने स्वतःच उघड करून टाकलं.

वगळलेले: नावं छापणार नाही, उगाच वाईटपणा. वगळण्याची कारणं मात्र छापू. जिथे जाड्या किंवा काळ्या माणसाच्या दिसण्यावरच सगळे हसतात आणि त्याने ते ऐकल्याचं कुठेच दिसत नाही, असे बरेच निघाले. लहानपणी हसलो होतो. आता तो माणूस चौकटीच्या कडेला उभा दिसतो.

'बनवाबनवी'तही असल्या जागा आहेत, भाच्याने त्या दाखवल्या. बाई झालेल्या पुरुषांवरचे काही विनोद आज बसत नाहीत. तरी पार्वती झालेला लक्ष्मीकांत बेर्डे बाईची टिंगल करत नाही. साडीतल्या पार्वतीकडे पुरुष कसे बघतात हे कळल्यावर जो अवघडतो तो आतला परशा, आणि ते अवघडणं खरं आहे. हे दोन्ही लिहिलंय.

१७ ऑगस्ट

'ब्रह्मचारी' शेवटी ठेवला होता, कारण सगळ्यांनाच धाकधूक होती. १९३८चा. ८७ वर्षांचा विनोद.

आचार्य अत्र्यांचं लेखन, कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा, दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक. औदुंबर नावाचा तरुण भाषण ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेतो. म्हणजे चित्रपटाची सुरुवातच एका ऐकणाऱ्यापासून! आणि मग येते मीनाक्षी शिरोडकर, पोहण्याच्या पोशाखात, 'यमुनाजळी खेळू' म्हणत. त्या काळी या गाण्याने गावोगाव खळबळ उडवली. लोकांना पोशाख आठवतो. आम्ही विनायकांकडे पाहिलं: न बघण्याचा आणि न ऐकण्याचा आटोकाट प्रयत्न करणारा माणूस. कान बंद करता येत नाहीत, एवढीच त्याची अडचण.

वेग आजच्या मानाने संथ आहे, पहिली दहा मिनिटं धीर धरावा लागतो. भाच्याने विचारलं होतं, यात हसण्यासारखं काय असणार? तावातावाने दिलेलं भाषण ऐकून रातोरात जीवनव्रत घेणारा तरुण पडद्यावर आला तेव्हा तो म्हणाला, "हा माझ्या वर्गात आहे."

'ब्रह्मचारी'ला पाऊण पान ठरलं होतं. आता एक हवं.

२४ ऑगस्ट

बुधवारी गणपती. छापखान्याने उद्या दुपारपर्यंतची मुदत दिलीय.

मुद्रितं दोनदा तपासली. सालं पुन्हा पडताळली. 'बनवाबनवी'च्या चौकटीत सुधीर जोशींचं नाव अशोक सराफांच्या खाली बारीक टाइपात आलं होतं, ते त्याच आकारात घ्यायला लावलं. सबनीसांच्या तस्बिरीची परवानगी वेळेत आली नाही, तिथे रेखाचित्र जाईल. भाचा काढतोय.

काकूंनी मालिकांवरचं ते ढोलवालं वाक्य कापलं. काकांच्या खोकल्याच्या टिपणातल्या तीन ओळी उरल्या, ते खूश नाहीत. 'ब्रह्मचारी'साठी वाढवून मागितलेलं पाव पान मिळालं, पण ते पाककृतींकडून उसनं घेतलंय, त्यामुळे आमच्या आठव्या पानाच्या तळाशी चिरोट्यांची कृती छापली जाणार आहे.